बर्फ धरायच्या आधीचा बास: बोट गुंडाळली नाही असं कोण कोण आहे?

थंडोबा
दिवाळीचा फराळ संपला, डब्याच्या तळाशी चकलीचा चुरा उरलाय, आणि इकडे मिनियापोलिसला सकाळी गाडीच्या काचा खरवडायला लागल्यात. ऑफिसातल्या सगळ्यांनी ऑक्टोबरातच बोटी प्लास्टिकमध्ये गुंडाळून टाकल्या. माझी अजून दारात, ट्रेलरवर उघडी. शेजारचे आजोबा रोज सकाळी तिच्याकडे बघतात आणि मग माझ्याकडे बघतात.

शनिवारी मिनेटोंका तळ्यावर बास मासे धरायला गेलो होतो. हवा २९ फॅरनहाइट, म्हणजे शून्याच्या खाली. पाणी ४४, आपल्या हिशोबाने सात सेल्सिअसच्या आसपास. बोट पाण्यात उतरवायच्या रॅम्पवर एकही गाडी नाही. साडेसातला पाण्यात उतरलो आणि साडेअकरापर्यंत एक साधी टिचकीसुद्धा नाही. जुलैत ज्या ज्या जागांनी मासे दिले त्या सगळ्या पालथ्या घातल्या. बोटी बांधायचे डॉक तर उचलून काठावर ठेवलेत, त्यामुळे डॉकखालचे बास हा विषयच संपला. उथळातलं पाणगवत कुजून तपकिरी झालंय, ओढलं की हातात चिखल येतो.

साडेअकराला वैतागून लाडू खाल्ला (बेसनाचा, थंडीने दगड झालेला, दाढ वाचली) आणि सोनारवर (आवाजाच्या लाटांनी तळ आणि मासे दाखवणारं यंत्र) बघत एका उतारावरून हळूहळू जात राहिलो. चौदा फुटांवर गवताचा एक पट्टा अजून उभा दिसला. जिग (शिशाच्या डोक्याचा गळ) टाकून एक काडी वर आणली, तर हिरवीगार, कुरकुरीत. बास, म्हणजे पुरे या अर्थाने आणि मासा या अर्थानेही.

पुढच्या चाळीस मिनिटांत सात लार्जमाउथ, म्हणजे मोठ्या तोंडाचे बास. सगळे एका टेनिस कोर्टाएवढ्या जागेतून. मग पुन्हा शांत.

तर धागा यासाठी की अजून तीनेक आठवडे हातात आहेत. तळ्याचे फाटे, म्हणजे उपसागर, गोठायला लागले की संपलं. कोणी जातंय का, काय वापरताय, कुठल्या खोलीवर, आणि घरच्यांना काय सांगून निघता, सगळं लिहा.

माशाची_आमटी
फोटो नाही तर मासा नाही. धागा फाऊल.

थंडोबा
फोटो काढायला हातमोजा काढावा लागतो. दोनदा काढला, तिसऱ्यांदा बोटांनी राजीनामा दिला. एक आहे, त्यात माझा अंगठा आणि माशाचं शेपूट दिसतंय.

मुळाकाठ
पुण्यातून वाचतोय, इथे अजून अर्ध्या बाह्यांच्या शर्टावर आहे. एक भाबडा प्रश्न. आमच्याकडे थंडी पडली की रोहू-कटला गळाकडे ढुंकून बघत नाहीत, जुने लोक सरळ सांगतात की होळीपर्यंत घरी बसा. तुमच्याकडे तर पाणी गोठायच्या बेतात आहे. मग मासा खातोच कसा? आणि जुलैतल्या जागा सोडून तो जातो कुठे?

थंडोबा
भाबडा नाही, मुद्द्याचा प्रश्न आहे. मला कळायला दोन हंगाम लागले.

उन्हाळ्यात आमची तळी दुमजली असतात. वरच्या मजल्यावर कोमट, हलकं पाणी. खालच्या मजल्यावर गार, जड आणि बऱ्याच तळ्यांत प्राणवायू नसलेलं. मधे एक पातळ थर, तिथे तापमान एकदम पडतं. मासे वरच्या मजल्यावर नाहीतर जिन्यात. सप्टेंबर-ऑक्टोबरात वरचं पाणी गार होऊन जड होतं, खाली बसायला लागतं, वारा घुसळतो आणि एक दिवस मधला मजलाच कोसळतो. सगळं तळं वरपासून खालपर्यंत एकाच तापमानाचं. त्या आठवड्यात पाणी गढूळ असतं, काठाला कुजकट वास येतो, आणि मासे कुठेही असू शकतात, म्हणजे सापडत नाहीत. तो आठवडा मी बागेतली पानं गोळा करतो.

त्यानंतर तळं थंड होत जातं. पाणी सर्वांत जड चार सेल्सिअसला, ३९ फॅरनहाइटला. त्याहून गार झालं की उलट हलकं होऊन वर तरंगतं, म्हणून बर्फ वरून धरतो आणि मासे खाली जगतात. हे सगळ्यांनी शाळेत पाठ केलेलं असतं. मला ते खरं वाटलं बोटीत बसून सोनारचा आकडा उतरताना बघून.

बासचं रक्त पाण्याएवढंच गार. ४४ अंशांत त्याचं पचन इतकं मंद की एकदा पोट भरलं की त्याला घाई नसते. पण उपाशी तो राहत नाही. समोरून, नाकासमोरून, न दमवता काही गेलं तर घेतो. पाठलाग मात्र करत नाही. रोहूचं आणि याचं तेवढंच अंतर.

दगडमासा
थंडोबा, जमलंय. थोडी भर. लार्जमाउथ हिरवं गवत शोधतो कारण मेलेलं गवत कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं, आणि हिरव्यात छोटे ब्लूगिल लपलेले असतात. स्मॉलमाउथचं, म्हणजे लहान तोंडाच्या बासचं, तसं नाही. तो गवताचा नाहीच, दगडांचा. पाणी पन्नास फॅरनहाइटच्या खाली गेलं की उथळ खडकांवरून उठतो आणि खोल पाण्याला लागून असलेल्या कड्यावर, टोकावर जाऊन बसतो. एकटा नाही, टोळीने. मैलोन् मैल तळं रिकामं आणि एका कड्यावर पन्नास.

मी मिलॅक्स तळ्यावर जातो. तुमच्या मिनेटोंकात उपसागरांची भूलभुलैया आहे, एकात वारा असला तर दुसऱ्यात लपता येतं. मिलॅक्स म्हणजे एक परात. एक लाख बत्तीस हजार एकर, आणि सर्वांत खोल जागा जेमतेम बेचाळीस फूट. वारा सुटला की समुद्र होतो. नोव्हेंबरात मी तिथे वारा बघूनच निघतो, ताशी दहा मैलांच्या वर अंदाज असेल तर अंथरूण सोडत नाही.

आमिष म्हणाल तर ब्लेड बेट. नाण्यासारखा चपटा धातूचा मासा, पाठीवर भोकं. तळाला जाऊ द्यायचा, मनगटाने वीतभर उचलायचा, थरथर हाताला जाणवली की थांबायचं, आणि लाइन किंचित ढिली ठेवून पुन्हा पडू द्यायचा. पडतानाच घेतात. उचलायला जावं तर जड. बस्स. हिसका नाही, धडक नाही, ओल्या गोणपाटात अडकल्यासारखं. पहिल्या वर्षी मी असे दहा-बारा मासे ‘गवत लागलं’ म्हणून झटकून टाकले असतील.

टोरांटोकर
+१ जडपणाला. आमच्याकडे सिमको तळ्यावर हाच खेळ. गोबी नावाचा परका मासा बृहत्सरोवरांत आणि इकडे पसरल्यापासून स्मॉलमाउथ फुटबॉलसारखे गुबगुबीत झालेत. गोबी तळाला चिकटून राहतो, म्हणून आम्हीही तळ सोडत नाही. ट्यूब (पोकळ प्लास्टिकचं आमिष) किंवा तपकिरी छोटं प्लास्टिक ड्रॉप शॉटवर (खाली वजन, त्याच्या वर गळ), आणि हलवायचंच नाही. बोट डुलते तेवढी हालचाल पुरे.

ऑन्टारियोत येणाऱ्यांनी बासचा हंगाम कधी बंद होतो ते त्या त्या विभागाप्रमाणे बघूनच यावं. पाणी उघडं आहे म्हणजे हंगाम उघडा आहे असं नाही.

कोरडा_ओढा
डॅलसहून. तुम्ही लोक वेडे आहात. आमच्याकडे ६० फॅरनहाइटला लोक कानटोपी घालतात. चालू द्या, वाचतोय.

थंडोबा
@दगडमासा, ब्लेड मला मिनेटोंकात जमत नाही, गवतात अडकतो. मी जर्कबेटवाला. जर्कबेट म्हणजे बोटभर ते अर्ध्या वितीएवढ्या लांबीचा, पाण्यात ना बुडणारा ना तरंगणारा नकली मासा. दोन झटके द्यायचे आणि थांबायचं. थांबणं हाच सगळा खेळ. उन्हाळ्यात दोन सेकंद, आता दहा, पंधरा, कधी वीस.

मला थांबता येत नाही. हात आपोआप फिरतो. घड्याळ बघून झालं, आकडे मोजून झाले, आठला पोचलो की धीर सुटतो. शेवटी बाराचा पाढा सापडला. दोन झटके, मग मनात बारा एके बारा, बारा दुणे चोवीस, शांतपणे, शाळेतल्या चालीवर, बारा दाहे वीसाशे होईपर्यंत रीळला हात लावायचा नाही. शनिवारी सातातले चार मासे ‘बारा साती’च्या पुढे लागले. एक तर बरोबर ‘बारा नव्वे’ला. लाइन आडवी सरकली, इतकंच. हाताला काही कळलं नाही, डोळ्यांना दिसलं.

एक बारीक गोष्ट. उन्हाळ्यात पाण्यात स्थिर राहणारा जर्कबेट थंड पाण्यात हळूहळू वर यायला लागतो, कारण पाणी जड झालेलं असतं. मी पोटाला शिशाची बारीक चिकटपट्टी लावतो आणि बोटीच्या कडेला आधी तपासून बघतो. वर आला तर अजून एक तुकडा. खाली बसला तर अर्धा काढायचा.

माशाची_आमटी
बाराचा ठीक आहे, मासा फारच सुस्त असला तर एकोणतीसचा म्हणून बघा. तोवर वसंत येईल.

अंगणवेल
मी मासेमारी करत नाही. नवरा करतो, मिशिगनमध्ये, आणि याच आठवड्यांत करतो. गेल्या वर्षी तो रॅम्पवर घसरला, कमरेपर्यंत पाण्यात. काठाजवळ, सोबत मित्र, काही झालं नाही. पण घरी आला तेव्हा बोलताना त्याची जीभ अडखळत होती आणि त्याला स्वतःला ते कळत नव्हतं. मी ते विसरलेले नाही.

तुम्ही सगळे आमिषाबद्दल एवढं लिहिताय. लाइफ जॅकेटबद्दल कोणी एक ओळ लिहिली का? ‘घरच्यांना काय सांगून निघता’ हे थंडोबांनी गमतीत लिहिलंय. आम्हाला नक्की जागा आणि परतायची वेळ सांगून निघा, एवढंच म्हणणं आहे.

थंडोबा
ताई, चूक कबूल. जॅकेट घालतो, पण लिहायला सुचलं नाही हेच वाईट.

दगडमासा
अंगणवेलताईंचं बरोबर आहे, आणि हा भाग मुख्य लेखातच हवा होता. थंड पाण्याचा हिशोब १-१०-१ असा लक्षात ठेवतात. मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी हा सोपा करून सांगितला. पडल्यावर पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणायचं. छाती धाप टाकते, त्या एका घोटात पाणी गेलं तर खेळ तिथेच संपला. पुढची साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे असतात. त्यानंतर बोटं वळत नाहीत, दोर धरता येत नाही, पट्टयाचं बक्कल लावता येत नाही. शुद्ध हरपायला मात्र सुमारे १ तास लागतो. म्हणजे माणूस आधी गारठून मरत नाही, हात चालेनासे होतात म्हणून बुडतो. जॅकेट अंगावर असेल तरच तो एक तास तुमचा.

बोटीत ठेवलेलं जॅकेट म्हणजे कपाटातली छत्री.

माझा नियम: गाडीतून उतरताना जॅकेट, घरी निघताना काढायचं. बोटीच्या मोटारच्या किल-स्विचची दोरी (ओढली गेली की मोटार बंद) मनगटाला नाही, जॅकेटला. कोरड्या कपड्यांचा एक जोड बंद पिशवीत, गाडीत नाही, बोटीत. फोन पाण्यापासून बंद पिशवीत आणि अंगावर. बोटीला मागून चढायची शिडी आहे का आणि ती पाण्यातून हाताला येते का, हे उन्हाळ्यात पोहताना एकदा करून बघा. माझ्या बोटीची यायची नाही. आता एक दोरीची पायरी बांधून ठेवलीय.

वेंगुर्ल्याचो
आमच्या खाडीत गरवताना भीती ओहोटीची आणि कालवांनी पाय कापायची, एवढीच. हे वाचून अंगावर काटा आला. मासो गावलो नाय तर नाय गावलो, पण जीव सांबाळ रे बाबा.

बाकी, गरवायला बसलेला माणूस आणि थांबणं यात नवीन काय? माझे आजोबा जिताड्यासाठी पुलाखाली तासन् तास. विडी विझली तरी दोरी हलत नसे. पाढे म्हणत नव्हते, शिव्या देत होते. मनात.

मुळाकाठ
@वेंगुर्ल्याचो, जिताडा आणि बास दोघांची तोंड उघडून पाण्यासकट भक्ष्य ओढून घ्यायची पद्धत सारखीच आहे. आमच्या धरणात मरळ तशीच. म्हणून मरळीला बेडूक लागतो आणि तिकडच्या लोकांचे बाससाठीचे नकली बेडूक आम्ही मागवून वापरतो.

थंडोबा, अजून एक. दोऱ्यावर बर्फ धरत नाही का?

थंडोबा
धरतो, आणि फार चिडवतो. रॉडच्या कड्यांमधून लाइन जाताना पाण्याचे थेंब कड्यात राहतात. चार फेकींत कड्यात काचेचा मणी तयार. टोकाचं कडं सर्वांत बारीक, ते आधी बंद. मग लाइन अडखळते, आमिष दहा फुटांवर धप्पकन पडतं, आणि जोर केला तर कड्यातली चकती निघून येते. माझी एक निघाली.

विणलेली लाइन स्पंजासारखं पाणी पिते, म्हणून ती घरी. एकेरी धाग्याची, आठ-दहा पाउंडांची. फ्लोरोकार्बन कमी पाणी धरते पण थंडीत तारेसारखी कडक होते, रीळावर गुंडाळ्या उभ्या राहतात. कड्यांना पेट्रोलियम जेली चोळतो. स्वयंपाकाच्या तेलाचा फवारा मारणारेही आहेत. दोन्ही अर्धा तास चालतं. त्यानंतर रॉडचं टोक पाण्यात बुडवून दोन सेकंद धरायचं, पाणी हवेपेक्षा गरम असतं ना, मणी सुटतो. तोंडात धरून वितळवणारा एक महाभाग मी पाहिलाय. ओठ चिकटला नाही हे त्याचं नशीब.

माशाची_आमटी
आता खरा प्रश्न. खाता का? की एवढी थंडी सोसून पापी घेऊन सोडून देता? आमच्या घरी कोणी मासा धरून परत पाण्यात सोडला असता तर आजीने त्यालाच सोडला असता.

थंडोबा
मी नोव्हेंबरचा बास ठेवत नाही. क्रॅपी आणि पर्च हे छोटे मासे ठेवतो. क्रॅपीचं रवा लावून तळलेलं कालवण-भातासोबत... पोस्ट लिहिता लिहिता भूक लागली.

माशाची_आमटी
पण का? लार्जमाउथ ठेवायला बंदी आहे का?

दगडमासा
मिनेसोटात स्मॉलमाउथ सप्टेंबरच्या मध्यानंतर ठेवता येत नाही, पकडून सोडायचाच. लार्जमाउथ ठेवता येतो, संख्येची मर्यादा पाळून. दरवर्षीची नियमपुस्तिका बघायचीच.

कायदा बाजूला ठेवा. वर मी लिहिलं ना, मैलोन् मैल तळं रिकामं आणि एका कड्यावर पन्नास. मग विचार करा. तो कडा एकदा सापडला की आजच्या सोनारला तो लपत नाही. दर शनिवारी त्याच जागी तेच मासे. आणि उत्तरेच्या थंड पाण्यात वीस इंचांचा स्मॉलमाउथ दहा वर्षांचा सहज असतो. चार बोटींनी चार शनिवारी पिशव्या भरल्या तर त्या भागातली एक पिढी तव्यावर. उन्हाळ्यात मासे विखुरलेले असतात, तेव्हा हे होत नाही.

माशाची_आमटी
पटलं. तरी आजीला पटणार नाही.

टोरांटोकर
सोडला म्हणजे जगला असंही नाही. मी एक कबुली देतो. तीन वर्षांपूर्वी अडतीस फुटांवर टोळी सापडली. एकामागून एक नऊ काढले, आनंदाने ओरडत होतो. सोडलेले दोन परत वर आले, पोट वर करून, फुगलेले. खोलातून भरभर वर आणला की वाताशयातली हवा पसरते आणि मासा खाली जाऊच शकत नाही. एकाचं आतलं तोंडातून बाहेर आलेलं. जाळीने उचलून पुन्हा पुन्हा खाली ढकलत बसलो, नाही गेला. कावळे येऊन बसले होते खडकावर, थांबलेले.

तेव्हापासून पंचवीस-तीस फुटांच्या खाली बासच्या मागे जात नाही. सोनारवर दिसले तरी. वजन लावून मासा खोलवर नेऊन सोडायचं साधन मिळतं, ते बोटीत ठेवलंय, पण ते वापरायची वेळ न येणं बरं. सुईने हवा काढणारे लोक आहेत, ज्याला नेमकी जागा माहीत नाही त्याने त्या वाटेला जाऊ नये.

थंडोबा
हे वाचून गप्प झालो. माझे चौदा फुटांवरचे होते म्हणून सुटलो, अक्कल होती म्हणून नाही.

अजून एक, शून्याखालच्या हवेत मासा बाहेर धरून ठेवू नका. कल्ल्यांचे बारीक तंतू आणि डोळे ओले असतात, वाऱ्यात ते गोठतात. बोटीच्या गोठलेल्या गालिच्यावर टाकला तर अंगावरचा बुळबुळीत थर तिथेच चिकटून राहतो. हातमोजा काढायचा, हात पाण्यात बुडवायचा (हो, दुखतं), आकडा पाण्यातच सोडवायचा. नोव्हेंबरचा मासा हाताला जिवंत लागतच नाही, फ्रिजमधली स्टीलची वाटी धरल्यासारखा. मग शेपूट एकदा हलतं, आणि हात रिकामा.

माशाची_आमटी, फोटो न काढायचं हे खरं कारण समजा.

माशाची_आमटी
सोयीस्कर.

विहीर
नवीन आहे, विस्कॉन्सिनला यंदाच आलो. बोट नाही. काठावरून काही होईल का? आणि एकच आमिष घ्यायचं तर कुठलं? बजेट: बायको वाचतेय.

दगडमासा
होईल. जिथे खोल पाणी काठाजवळ येतं अशा जागा शोधा: पूल, धक्क्याची भिंत, उतरता खडकाळ किनारा. तळ्याच्या खोलीचे नकाशे सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतात, रेषा जिथे दाटीवाटीने काठाला येतात तिथे उभे राहा. दुपारी दोन ते चार. दिवसभर ऊन लागलेल्या उत्तरेकडच्या काठावर पाणी एक-दीड अंशाने गरम असतं, तेवढंही चालतं. पहाटे उठू नका, या दिवसांत पहाटेचा मासाही उठत नाही.

एकच घ्यायचं तर नेड रिग. छत्रीसारख्या शिशाच्या डोक्यावर अडीच-तीन इंचांचा प्लास्टिकचा तुकडा. कॅन्ससच्या नेड केडी यांच्या नावाने ओळखली जाते. दिसायला सिगारेटचं थोटूक, पण तळावर उभी राहते आणि काही न करताही काहीतरी करते. टाका, तळाला जाऊ द्या, ओढू नका, सरकवा. दगडावरून सरकताना टकटक लागेल. टकटक थांबून मऊ लागलं की रॉड उचला. झटका नको, नुसता उचला.

काठ ओला असेल तर बुटांना खिळ्यांच्या पट्ट्या बांधा. आणि एकटे असाल तर जॅकेट काठावरही.

विहीर
धन्यवाद दगडमासादादा. थोटूक मागवलं. बायको म्हणतेय पाढे घरी पण म्हणत जा, पोराची परीक्षा आहे.

थंडोबा
आठवड्याचं वर्तमान. काल पाणी ३९.८. हिरवा पट्टा होता तिथेच, पण आता फक्त दोन मासे, अडीच तासांत. दोन्ही जिगवर. जर्कबेटला कोणी विचारलं नाही. जिग तळावर ठेवून मी थर्मासमधला आल्याचा चहा ओतत होतो, लाइन बोटाखालून सरकली. म्हणजे पाढा म्हणायची सुद्धा गरज नव्हती, चहा प्यायचा.

उपसागराच्या सावलीतल्या कोपऱ्यात बर्फाची साय धरलीय. बोट त्यातून गेली तेव्हा काच फुटल्यासारखा आवाज, आणि बाजूला पत्र्यावर नख ओढल्यासारखं खरखरलं. परत फिरलो. तो बर्फ बोटीच्या अंगाला करवतीसारखा लागतो.

रॅम्पवर मोठी गंमत. आधीच्या कोणाच्या तरी ट्रेलरचं पाणी रॅम्पवर निथळून गोठलेलं. माझी गाडी चाकं फिरवत जागच्या जागी. नशिबाने मागे वाळूची पिशवी होती. मांजराच्या शौचाची माती चालते, मीठ टाकू नका, ते तळ्यात जातं.

दगडमासा
बोटीची मोटार उभी करून पाणी निथळू दिलंस ना? मी एका वर्षी ट्रेलरवर तिरकी ठेवून दोन तास गाडी चालवत घरी आलो आणि तशीच झोपवली. आतलं पाणी रात्री गोठलं. आणि खालच्या गिअरच्या तेलात सीलमधून आधीच पाणी गेलेलं होतं, तेल दुधासारखं पांढरं झालेलं मी ऑक्टोबरात बघायला हवं होतं, बघितलं नाही. वसंतात खालच्या भागाला बोटभर तडा. खर्च सांगत नाही, बायको इथे नाही पण सवय आहे.

उभी ठेव, मोटार सुरू होऊ न देता दोर दोनदा ओढ किंवा क्षणभर फिरव, लाइव्हवेलचे (मासे जिवंत ठेवायच्या टाकीचे) नळ उघड, तळाचा बूच काढ. बूच तसाही काढूनच रस्त्यावर यायचं, कायदा आहे, झेब्रा शिंपले दोन्ही तळ्यांत आहेत.

थंडोबा
निथळू दिली. तेल मधासारखं आहे. पाहिलं.

अंगणवेल
आमच्याकडे काल बोट गुंडाळली. मीच टेप लावली. नवरा शेवटच्या दिवशी एकही मासा न मिळता चार वाजता, सांगितलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी घरी आला. त्याला मिसळ करून घातली.

माशाची_आमटी
मासा न मिळाल्याबद्दल मिसळ? आमच्याकडे मिळाल्याबद्दलही मिळत नाही.

विहीर
लागला!!! पुलाखाली, तीन वाजता, थोटकावर. स्मॉलमाउथ, तेरा इंच. मला वाटलं दगडात अडकलं, मग दगड चालायला लागला. सोडला. हात पाण्यात बुडवून सोडला. अजून बोटं टाइप करत नाहीयेत नीट.

वेंगुर्ल्याचो
शाब्बास रे. फोटो?

विहीर
हातमोजा काढायचा राहिला.

थंडोबा
हाहा. शिकला.

माझं आवरलं. काल सकाळी पोराला घेऊन नुसता बघायला गेलो. उपसागर काठापासून काठापर्यंत धरलाय, एक इंचभर असेल. चालायला चार इंच स्वच्छ, कडक बर्फ हवा, तोवर पाय ठेवायचा नाही, हे त्याला तिथेच उभं राहून सांगितलं. मग दोघांनी काठावरून खडे फेकले. पातळ बर्फावर खडा घसरत जातो तेव्हा पक्षी चिवचिवल्यासारखा आवाज येतो आणि लांबपर्यंत जातो. पोरगं तासभर तेच करत होतं, खिशात खडे भरून. मी हिरवा पट्टा कुठे होता तिकडे बघत होतो. सोनारमध्ये खूण आहे, नाव दिलंय ‘बारा नव्वे’.

बोट गुंडाळलीय. शेजारच्या आजोबांनी स्वतः येऊन एक टोक धरलं. ट्रेलरचा डावा दिवा गेलाय, तो कोणी घरी बदललाय का? वायर गंजलेली दिसतेय.